चिमट्याचं चित्र

फिलाडेल्फिया

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सोबत एका जुन्या व्यंगचित्राची प्रत पाठवतोय. पेपरातली व्यंगचित्रं कापून, खळ लावून तुम्ही जाड वहीत चिकटवता, त्या वहीसाठी.

चित्र १७९८ सालचं, चित्रकार अज्ञात. त्यातली जागा मी रविवारी पाहून आलो. इथल्या काँग्रेस हॉलच्या तळमजल्यावर तेव्हा अमेरिकी संसदेचं प्रतिनिधिगृह भरायचं. दालन फार मोठं नाही. या टोकाला कुणी टोमणा मारला तर त्या टोकाला ऐकू जाईल एवढंच.

झालं ते टोमण्यावरूनच. व्हरमाँट राज्याचे प्रतिनिधी मॅथ्यू लायन जन्माने आयरिश, जेफरसनच्या पक्षाचे. कनेक्टिकटच्या रॉजर ग्रिसवोल्डनी त्यांना लाकडी तलवारीवरून डिवचलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लायनना सैन्यातून अपमानित करून काढलं होतं, त्याची ती आठवण. लायन ग्रिसवोल्डच्या तोंडावर थुंकले! लायनच्या हकालपट्टीचा ठराव आला, ५२ विरुद्ध ४४ मतं पडली, पण त्यासाठी लागणारी दोन तृतीयांश काही झाली नाहीत. तीनच दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, लायन बाकावर बसलेले असताना ग्रिसवोल्डनी त्यांना काठीने बडवायला सुरुवात केली. लायन कसेबसे शेकोटीपर्यंत पोचले आणि त्यांनी निखाऱ्यांचा चिमटा उचलला.

तोच क्षण चित्रात आहे. ग्रिसवोल्डची लाथ उगारलेली, लायननी त्यांचा हात धरलेला, चिमटा डोक्यावर. खाली यमक जुळवलेल्या चार ओळी. मागे सभापती बसून बघताहेत. माझी नजर पुन्हा पुन्हा त्या सभापतींवरच जाते.

पण बाबा, लायन एवढेच नव्हते. राष्ट्राध्यक्ष ॲडम्स यांना डामडौलाची हाव आहे, असं वर्तमानपत्रात लिहिल्याबद्दल त्याच वर्षी त्यांना राजद्रोहाच्या कायद्याखाली चार महिने कैद आणि १,००० डॉलर दंड झाला. कोठडीत असतानाच लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. १८०१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी जेफरसन आणि बर यांच्यातला पेच प्रतिनिधिगृहात मतदानाच्या ३६व्या फेरीत सुटला, तेव्हा व्हरमाँटचं मत जेफरसनना मिळालं ते लायन यांच्यामुळे. यातलं काहीच चित्रात नाही, आणि ते काढलं तेव्हा असणार तरी कसं? म्हणून मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटतं.

चित्र वहीत लावाल तेव्हा कोठडीतल्या त्या निवडणुकीबद्दल दोन ओळी खाली लिहा. तुमच्या अक्षरात.

आईला नमस्कार.

तुमचा,
बाळ