काकांना कुठला राग ऐकवायचा म्हणतेस, आत्या?

बर्गन, नॉर्वे

प्रिय आत्या,
सा. न. वि. वि.

तुझा व्हॉइस मेसेज मिळाला, पॅरालिसिसचा झटका आलेल्या काकांना ग्रुपवरच्या यादीतला कुठला राग ऐकवायचा म्हणून विचारलंयस. उत्तर व्हॉट्सअपवर मावणारं नाही म्हणून ईमेल करतेय, मन्याला प्रिंट काढून द्यायला सांग, उगाच मोबाईलवर डोळे ताणून वाचत बसू नको.

आधी त्या रागांच्या यादीचं बोलू. बीपीला हा राग, शुगरला तो, पॅरालिसिसला तिसराच, ही यादी इथल्या मराठी ग्रुपवर पण फिरून गेली. अगं अमुक आजाराला अमुक राग असं औषधाच्या दुकानासारखं काही सिद्ध झालेलं नाहीये. आवडीचं गाणं ऐकून मन शांत होतं, भीती कमी होते, झोप बरी लागते, हे खरंय, त्यासाठी काकांना त्यांची नाट्यगीतं लाव की, पण त्यांनी बोट दाखवलं तरच लाव आणि कंटाळले की बंद कर. दिवसभर स्पीकर चालू ठेवलास तर त्यांना "बंद करा" पण म्हणता येत नाही, हा विचार केलायस का?

आता मुख्य गोष्ट. काका आख्खी आरती म्हणतात आणि "पाणी" म्हणता येत नाही, त्यामुळे मन्याला वाटतं ते मुद्दाम करतात. त्याला माझ्यातर्फे एक धपाटा दे. मुद्दाम नाही ते. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला, म्हणून उजवा हात गेला आणि बोलणं पण गेलं, कारण शब्द जुळवून बाहेर काढायची जागा बहुतेकांची डावीकडेच असते. याला अफेजिया म्हणतात. काकांना समजतंय सगळं, फक्त वाक्य बाहेर पडत नाही. गाणं मात्र मेंदूच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं असतं, आणि आरती तर साठ वर्षं तोंडात बसलेली, ती शब्द शोधून म्हणावीच लागत नाही, एक ओळ सुरू झाली की पुढची आपोआप येते. आकडे, वार, शिव्या पण अशाच येतात (शिव्यांचं तू बोलली नाहीस पण मला खात्री आहे). हे नवीन पण नाहीये, ओलोफ डालिन नावाच्या स्वीडिश माणसाने 1745 मध्येच लिहून ठेवलंय की एका तरुणाची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, पण चर्चमधली भजनं तो म्हणायचा.

म्हणून आरती येते म्हणजे आता बोलणं पण येणार, असं लगेच धरून चालू नको. ती वाट वेगळी आहे. पण त्या वाटेचा उपयोग करून घ्यायची एक पद्धत आहे, मेलोडिक इंटोनेशन थेरपी, बोस्टनच्या डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट लोकांनी 1973 च्या सुमारास बसवली. रोज लागणारं छोटं वाक्य घ्यायचं आणि ते दोनच सुरांत म्हणायचं, एक वरचा एक खालचा, आणि प्रत्येक अक्षराला पेशंटचा डावा हात हळूच टेबलावर टेकवायचा. समज "च-हा ह-वा". आधी थेरपिस्ट नुसतं गुणगुणते, मग दोघं मिळून म्हणतात, मग मध्येच थेरपिस्ट गप्प होते आणि पेशंट एकटा पुढे नेतो, मग ती विचारते "काय हवं?" आणि त्याने उत्तर द्यायचं. हे जमलं की सूर हळूहळू काढून टाकायचा, म्हणजे शेवटी साधं बोलणं उरतं. वाचायला सोपं आहे, करताना घाम फुटतो, आणि ज्यांना समजतं पण बोलता येत नाही अशांनाच याचा फायदा होतो. शिवाय जी वाक्यं घोटून घेतली ती सुधारतात, न घोटलेल्या नवीन बोलण्यात तेवढा फरक दिसेलच असं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. म्हणून वाक्यं निवडताना काकांना काय लागतं ते बघ. "मी बरा आहे" हे वाक्य पाहुण्यांच्या सोयीचं आहे, काकांना "लाईट बंद कर" जास्त कामाचं.

पण हे सगळं डॉक्टरांनी ज्या स्पीच थेरपिस्टचं नाव दिलंय त्यांना विचारून कर, त्यांना टाळून नको. मी म्युझिक थेरपी, म्हणजे संगीताने उपचार, अजून शिकतेय. आणि आपल्याकडे म्युझिक थेरपिस्ट अशी पाटी दोन दिवसांचं शिबिर करून पण लावता येते, तेव्हा कुणी हजारो रुपयांचं पॅकेज सांगितलं तर आधी मला फोन कर. नीट काम करणारे नाहीत असं नाही, पुदुच्चेरीला महात्मा गांधी मेडिकल कॉलेजमध्ये तर या विषयाचं शिक्षण आणि संशोधन दोन्ही चालतं.

बाबांना पण हे पत्र दाखव, कारण त्यांचा प्रश्न अजून तोच आहे, की या सगळ्याला पुरावा काय. बाबा, पुरावा काही ठिकाणी चांगला आहे आणि काही ठिकाणी नाही. इथल्या आरोग्य खात्याने 2013 मध्ये सायकोसिसच्या (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराच्या) उपचारांची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात म्युझिक थेरपीची शिफारस आहे. आणि इथूनच चालवलेल्या एका मोठ्या अभ्यासात, 9 देशांतली ऑटिझमची 364 मुलं, पाच महिने थेरपी, निकाल 2017 ला आला की लक्षणं मोजायच्या ठरलेल्या चाचणीत काही फरक नाही. तो निकाल यांनी दडपला नाही, छापला, आणि आम्हाला वर्गात तोच अभ्यास फोडून शिकवतात, की आपण मोजलं ते बरोबर होतं का, मूल आईकडे बघून हसायला लागलं हे त्या चाचणीत कुठे बसतं. नंतर 2022 मध्ये ऑटिझमवरच कोक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला, 26 अभ्यास एकत्र करून, त्यात एकूण सुधारणा आणि जगण्याचा दर्जा यात फायदा दिसला पण बोलण्या-मिसळण्यात स्पष्ट फरक नाही दिसला. मला हे असं अर्धंमुर्धं खरं आवडतं, रागांच्या यादीपेक्षा तरी.

सध्या मी एका वृद्धाश्रमात थेरपिस्टच्या मागे बसून बघते. नगरपालिकेच्या पगारावर म्युझिक थेरपिस्ट असते इथे, नर्ससारखी! तिथे एक आजी आहेत, डिमेन्शिया आहे, संध्याकाळ झाली की टेबलावर मुठी आपटायला लागतात, घरी जायचं म्हणून. मला वाटलं आता ही थेरपिस्ट बाई गिटारवर काहीतरी शांत वाजवणार. तर नाही, तिने आजींच्या मुठीचाच ठेका धरला, तेवढाच जोरात, तेवढाच रागीट. आजी थबकल्या, तिच्याकडे बघितलं, परत आपटलं, ही परत तसंच. असं बराच वेळ, आणि मग ठेका इतका हळूहळू उतरला की कुणी उतरवला ते मला पण कळलं नाही, नजर आजींच्या खांद्यावर, त्यांच्या श्वासावर, आणि शेवटी दोघी मिळून एक जुनं गाणं म्हणत होत्या. बाहेर आल्यावर ती म्हणाली, राग आलेल्या माणसाला शांत संगीत लावणं म्हणजे "गप्प बस" म्हणणंच आहे.

आणि आता जे सांगायचं होतं ते. 1983 ची गोष्ट आहे, इथून उत्तरेला फ्योर्डच्या (डोंगरांतून आत शिरलेल्या खाडीच्या) काठी सांडाने म्हणून छोटं गाव आहे, तिथे ब्रिन्युल्फ स्तीगे नावाचा तरुण थेरपिस्ट मतिमंद म्हणून बाजूला ठेवलेल्या काही मोठ्या माणसांचा ग्रुप घ्यायला लागला. पहिल्या दिवशी ते लोक संगीत शाळेच्या खोलीत आले, भिंतीवर गावच्या बँडचे फोटो होते, त्यातल्या एकाने फोटो बघून विचारलं, आम्हाला पण बँडमध्ये वाजवता येईल का? तुला इथल्या बँडचं प्रस्थ माहीत नाही, आपल्याकडे ढोल-ताशा पथक जसं तसं इथे जवळजवळ प्रत्येक शाळेचं, गावचं बँडपथक, 17 मे ला, म्हणजे इथल्या राष्ट्रीय दिनाला, सगळे रस्त्यावर, पाऊस असला तरी (बर्गनला असतोच). तर त्या प्रश्नाने स्तीगेंची पंचाईत झाली, कारण खोलीत बसून या माणसांना "सुधारायचं" एवढंच काम धरलं तर या प्रश्नाला उत्तरच नाही, त्यासाठी बँडवाल्यांना बदलावं लागतं, गावाला सरकून जागा करावी लागते. पुढे त्यांनी हेच काम केलं, त्यावर पुस्तकं लिहिली, सांडानेला 1988 मध्ये म्युझिक थेरपीचा कोर्स सुरू झाला आणि तोच 2006 ला बर्गन विद्यापीठाच्या ग्रीग अकादमीत आला, जिथे मी शिकते. गावालाच असं सामील करून घ्यायच्या या पद्धतीला कम्युनिटी म्युझिक थेरपी म्हणतात.

तर आत्या, काकांचं भजनी मंडळ. झटका आल्यापासून दत्ताच्या देवळातलं गुरुवारचं भजन बंद झालं, मंडळींनी बोलावलं नाही, त्यांना वाटलं काकांना अवघड वाटेल, आणि तुला वाटलं लोक बघतील. आणि घरी कुणी आलं की मात्र आपण म्हणतो, काका आरती म्हणून दाखवा! ते बंद कर बाई आधी, तमाशा होतो माणसाचा. इथे नॉर्वेत अफेजिया झालेल्या लोकांची गायकमंडळं आहेत, तिथे कुणी कुणाला म्हणून दाखव म्हणत नाही, सगळेच गातात, कुणाचा शब्द राहिला तर शेजारचा पुढे नेतो, भजनात आपलं तेच तर होतं. मृदंग आता काकांना होणार नाही, टाळाला दोन हात लागतात, पण चिपळी एका हातात राहते, डाव्या. पाटील गुरुजींना मी स्वतः फोन करते, एवढंच सांगायचंय की काकांना मागे खुर्चीत नको, नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसवा, आणि चाल थोडी संथ ठेवा. पहिल्या दिवशी ते रडतील कदाचित. झटक्यानंतर रडू लवकर येतं, लगेच उठवून घरी आणू नको. पण आधी काकांना विचार. नको म्हणून मान हलवली तर नको.

त्यांना रोज लागणाऱ्या आठ-दहा गोष्टी लिहून पाठव, वाक्यं आपण दोघी मिळून करू. आणि तो व्हिडिओ, काकांना न विचारता काढलेला, ग्रुपवरून डिलीट करायला सांग मन्याला. शनिवारी फोन करते, तुमची जेवणं उरकल्यावर. मेतकूट संपलंय, दीपाली येतेय पुढच्या महिन्यात तिच्याबरोबर दे.

तुझी
सोनू