पाण्यामागोमाग नऊ रात्री

सातारा
१२ फेब्रुवारी

प्रिय सुधे,

परवा फोनवर तू विचारलंस, "स्लोव्हेनियाला जाऊन ब्लेडचं तळं नाही, क्रोएशियाला जाऊन दुब्रोव्निक नाही, मग एवढ्या लांब जातेस कशाला?" नेमकी तेव्हाच दारावर बेल वाजली आणि उत्तर राहून गेलं. दोन वाक्यांत देण्यासारखं ते नव्हतंच, म्हणून पत्र लिहायला बसले.

एकतीस वर्षं मी मुलांना चुनखडकाच्या प्रदेशातली भूरूपं शिकवली. फळ्यावर गुहा काढायची, छतातून लोंबणारे आणि जमिनीतून वर येणारे लवणस्तंभ काढायचे, नदी जमिनीत शिरते तिथे बाण दाखवायचा. वर्गाच्या खिडकीतून मात्र अजिंक्यतारा दिसायचा, सगळा काळा बेसाल्ट. चुनखडकाच्या गुहा म्हणून मी पाहिल्या त्या आपल्या बी.एड.च्या सहलीतल्या बोरा गुहा, त्याही घाईघाईत. अशा प्रदेशासाठीचा ‘कार्स्ट’ हा शब्द मी किती वेळा लिहिला असेन! तो एका खऱ्याखुऱ्या जागेच्या नावावरून आलाय हे मला फार उशिरा कळलं. स्लोव्हेनियाच्या नैर्ऋत्येला, इटलीच्या सीमेला लागून ‘क्रास’ नावाचं पठार आहे, त्याचं जर्मन रूप म्हणजे कार्स्ट. आपण पुस्तकात चुनखडकातल्या खोलगट खड्ड्याला ‘डोलाइन’ म्हणतो तो तिकडच्या भाषेतला दरीसाठीचा साधा शब्द; सपाट तळाच्या मोठ्या खोलगट मैदानाला ‘पोल्ये’ म्हणतो, त्याचा अर्थ नुसतं शेत. ज्या मातीने आपल्या विषयाला शब्द दिले ती माती मला पायांनी तुडवायची आहे. म्हणून मुक्काम निवडताना मी एकच प्रश्न विचारत गेले, इथे पाणी आणि चुनखडक यांचं काय चाललंय?

पहिल्या पाच रात्री स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्लियानाला, एकाच खोलीत. रोज बॅग भरायची नाही. एकटीने जाताना सामान कुणावर सोपवता येत नाही, म्हणून हे मी आधीच पक्कं केलं. आता ऐक. या शहरातून ल्युब्लियानित्सा नदी वाहते. तिला सात नावांची नदी म्हणतात, कारण ती पुन:पुन्हा जमिनीखाली जाते आणि बाहेर आली की लोक तिला नवं नाव देतात. सेर्कनित्साच्या तळ्यातून स्त्रजेन म्हणून गडप झालेलं पाणी राक म्हणून बाहेर येतं. पोस्तोयनाच्या गुहेतून पिव्का येते. दोघी जमिनीखाली भेटतात आणि उनित्सा होऊन उजेडात येतात. पुन्हा गडप, आणि व्र्हनिका गावाशी शेवटचं नाव घेऊन वर. प्रयागची सरस्वती आपण न बघता मानतो. इथे सात वेळा बारसं झालेली नदी शहराच्या मधोमध, वास्तुविशारद प्लेच्निकच्या तिहेरी पुलाखालून जाते. मी त्या पुलावर पहिल्याच संध्याकाळी उभी राहणार आहे.

सेर्कनित्साचं तळं म्हणजे एक पोल्येच. पावसानंतर भरलं की वीस चौरस किलोमीटरहून जास्त पसरतं, आणि कोरड्या दिवसांत तळातल्या भोकांतून पाणी उतरून जातं, खाली गवत उरतं. वाल्वासोर नावाच्या तिथल्या अभ्यासकाने १६८९ साली त्याचं सविस्तर वर्णन छापलं होतं. वसंतात तळं बहुधा भरलेलं असतं, म्हणून मी मे महिना धरलाय. राकेक स्टेशनवर उतरून आधी राकोव श्कोत्सियानच्या दरीत चालत जाईन. गुहेचं छत कोसळलं आणि मधला तुकडा तेवढा पुलासारखा उरला, असे दोन नैसर्गिक पूल तिथे आहेत.

आणि श्कोत्सियानच्या गुहा; नाव सारखं असलं तरी ही जागा त्या दरीहून वेगळी. सुधे, माझी सगळी सहल या एका दिवसासाठी आहे. रेका नावाची नदी (रेका म्हणजे नुसतं ‘नदी’) इथे कड्याखाली शिरते ती तीस-चाळीस किलोमीटर जमिनीखालून वाहून थेट इटलीत समुद्राजवळ वर येते. आत एवढी मोठी दरी आहे की माणसं नदीच्या सुमारे ४५ मीटर वरून पूल ओलांडतात. १९६५च्या पुरात आतलं पाणी शंभर मीटरहून जास्त चढलं होतं. कृष्णा-वेण्णेचा पूर माहुलीच्या घाटावर मी लहानपणापासून बघत आले, पण पुराला वर आकाशच नाही, ही कल्पना अजून मनात मावत नाही. दिवाचा स्टेशनवरून पाऊण तासाची पायवाट आहे, वाटेत पाट्या आहेत. आत बारा अंश असतं, तू विणून दिलेला स्वेटर घेतलाय.

पोस्तोयना त्याच रेल्वेमार्गावर आहे आणि जास्त प्रसिद्ध आहे, आत चक्क छोटी रेल्वे चालते. तिथला प्रोटियस मला बघायचा होता. आंधळा, फिकट गुलाबी, वर्षानुवर्षं अन्नावाचून राहू शकणारा हा गुहेतला जीव लोकांना पूर्वी ड्रॅगनचं पिल्लू वाटायचा. पण एका आठवड्यात दोन मोठ्या गुहा केल्या तर दोन्ही एकमेकींत मिसळतील. मला श्कोत्सियान स्वच्छ आठवायला हवी.

आता क्रोएशिया. २०२३च्या १ जानेवारीपासून तिथेही युरो आणि शेंगेन आलं, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो आणि पैसे दोनदा बदलावे लागत नाहीत. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज करायचा. माझ्या पाच रात्री स्लोव्हेनियात, चार क्रोएशियात, म्हणजे तो प्रश्न आपोआप सुटला.

झाग्रेबला फक्त काही तास. ल्युब्लियानाहून आगगाडी साव्हा नदीच्या काठाकाठाने जाते, सुमारे अडीच तास. दोलाच मंडईत फळं घ्यायची आणि दुपारची बस पकडून प्लित्वित्से. तिथे दोन रात्री. श्कोत्सियानला पाणी खडक विरघळवतं, इथे तेच पाणी तो परत बांधतं. विरघळलेला चुना शेवाळावर बसत जातो आणि त्याचे बांध वाढतात, त्या बांधांनी एकाखाली एक सोळा तळी अडवली आहेत. मुलांना शिकवताना मी पहिला अर्धा भाग नेहमी सांगायचे, दुसरा फारसा नाही. त्याची मला आता चुटपुट लागते. नव्वदीतल्या युद्धामुळे ही जागा १९९२ ते १९९७ युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशांच्या यादीत होती. तिकिटावर आत शिरायची वेळ ठरलेली असते. मी सकाळची पहिली घेणार.

शेवटच्या दोन रात्री स्प्लिटला. रोमन सम्राट डायोक्लेशनने इसवी सन ३०५च्या सुमारास बांधलेला राजवाडा तिथे आहे, आणि त्यात आजही माणसं राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळतात. समोरच्या ब्राच बेटावरचा पांढरा चुनखडक त्याला वापरलाय. विरघळलेला, साचलेला आणि शेवटी घडवलेला खडक असा क्रम लागला, म्हणून स्प्लिट. दुब्रोव्निक तिथून बसने आणखी चार-साडेचार तास. तटबंदी सुंदर असणारच, पण जाऊन येण्यातच माझे दिवस संपतील.

जेवणाची काळजी करू नकोस. स्लोव्हेनियात श्त्रुक्ल्यी म्हणजे पनीर भरलेल्या पिठाच्या गुंडाळ्या मिळतात, क्रोएशियात ब्लित्वा म्हणजे बटाटा-लसूण घातलेली पालेभाजी. सोबत मेतकूट आहेच.

राहता राहिला ल्युब्लियानातला पाचवा दिवस, आणि त्यासाठी मला तुझी गरज आहे. तुझं ब्लेड त्या दिवशी होऊ शकतं. बसने सव्वा तास, तळ्यातलं बेट, ९९ पायऱ्या, चर्चमधली घंटा, सगळं मिळेल. पण त्याच दिवशी समुद्राकडे सेचोवल्येच्या मिठागरांनाही जाता येतं. तिथे आगराच्या तळाशी शेवाळाचा एक पातळ थर जपून वाढवतात, त्याला ‘पेतोला’ म्हणतात. त्यामुळे मिठाला खालची माती लागत नाही आणि मीठ पांढरं निघतं. हे वाचलं आणि उरणचं तुमचं आगर डोळ्यांपुढे आलं. दादा चिखल पायांनी तुडवून तळ घट्ट करायचे आणि आपल्याला बांधावरून खाली उतरू द्यायचे नाहीत. पेतोला बघून त्यांनी काय विचारलं असतं, ते तुलाच माहीत. मला नीट प्रश्न लिहून दे. मी तिथल्या माणसांना विचारून येईन आणि ओंजळभर मीठ घेऊन येईन.

तू म्हणालीस तर ब्लेड. पण शुक्रवारच्या आत सांग, ल्युब्लियानाची खोली त्या दिवशी पक्की करायची आहे. गुडघ्याचे व्यायाम चुकवू नकोस.

तुझीच,
शैला