महागडा टीव्ही घेण्याआधी खोलीतला उजेड बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत महागड्या टीव्हींवर जे लेख येतात ते मी मन लावून वाचते, हा माझ्या आवडीचाच विषय आहे. पण दर वेळी शेवटी पडद्याच्या प्रकारांची तीच क्रमवारी असते, ओएलईडी पहिला, मिनी एलईडी दुसरा, बाकीचे त्याखाली, आणि वाचणारा तेवढंच डोक्यात ठेवून दुकानात जातो. ही क्रमवारी खोटी आहे असं मी म्हणत नाही, दिवे बंद करून सिनेमा बघणाऱ्यासाठी ती बरोबरच आहे. पण ज्या घरात टीव्ही दिवसभर चालू असतो, समोर मोठी खिडकी आहे, वर दिवा चालू आहे, तिथं उत्तर वेगळं येतं आणि ते लेखात कुठंच नसतं, म्हणून हे पत्र लिहितेय.

आधी नावांचा घोळ. क्यूएलईडी आणि ओएलईडी ही नावं इतकी सारखी दिसतात की लोकांना वाटतं एकाच जातीतले दोन प्रकार असतील. तसं अजिबात नाहीये. क्यूएलईडी हा एलसीडी टीव्हीच आहे, म्हणजे मागे एलईडी दिवे, पुढे लिक्विड क्रिस्टलचा थर, आणि मध्ये क्वांटम डॉट या अतिसूक्ष्म कणांची फिल्म, जिच्यामुळे रंग जास्त शुद्ध दिसतात. (हे क्वांटम डॉट म्हणजे खरंच मोठं काम आहे, २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यावरच मिळालं.) मिनी एलईडी पण एलसीडीच, फक्त मागचे दिवे खूप बारीक आणि संख्येनं हजारोंनी, आणि ते गटागटानं कमीजास्त करता येतात. ओएलईडीत मागे दिवाच नसतो, प्रत्येक पिक्सेल (चित्राचा बारीक ठिपका) स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. आता २०२५ पासून 'मायक्रो आरजीबी' नावाचे टीव्ही आलेत, नाव ऐकून वाटतं हा मायक्रो एलईडी, पण तोही एलसीडीच, मागचे दिवे लाल-हिरवे-निळे असे वेगवेगळे एवढाच फरक. खरा मायक्रो एलईडी, ज्यात प्रत्येक पिक्सेल हाच एक बारीक दिवा असतो, तो अजून सामान्य घराच्या बजेटच्या फार बाहेर आहे. तर दुकानात एकच प्रश्न विचारायचा, यात उजेड पिक्सेल स्वतः देतो की मागून येतो? याचं सरळ उत्तर मिळालं की निम्मा गोंधळ तिथंच मिटतो.

आता काळ्या रंगाचं बघू, कारण ओएलईडीचं सगळं कौतुक तिथून सुरू होतं. पिक्सेल बंद म्हणजे पूर्ण काळोख, त्यामुळे रात्रीचं आकाश, अंधारातला चेहरा, काळ्यावरची पांढरी अक्षरं, यात त्याला तोड नाही. मिनी एलईडीचं गणित वेगळं. फोरके पडद्यावर साधारण ८३ लाख पिक्सेल असतात, आणि मागच्या दिव्यांचे झोन, म्हणजे एकत्र कमीजास्त होणारे गट, समजा एक हजार, तर एका झोनच्या वाट्याला आठ हजारांच्या वर पिक्सेल येतात. त्यातला एक कोपरा उजळायचा असेल तरी अख्खा झोन उजळावा लागतो, म्हणून काळ्या पडद्यावर सबटायटल आलं की भोवती धुरकट वलय दिसतं. त्यालाच ब्लूमिंग म्हणतात. झोन वाढवले की ते कमी होतं, झोन हाताळणारं सॉफ्टवेअर चांगलं असेल तर अजून कमी होतं, पण पूर्ण जात नाही.

पण हे सगळं अंधाऱ्या खोलीत. खोलीत उजेड असला की पडद्याच्या काचेवर तो पडतो आणि परत डोळ्यात येतो, आणि मग तुमचा काळा किती काळा हे पॅनेल (म्हणजे टीव्हीचा पडदाच) ठरवत नाही, खिडकी ठरवते. इथं ओएलईडीमध्येसुद्धा दोन जाती आहेत आणि त्या वेगळ्या सांगायलाच हव्यात. एक एलजी डिस्प्लेची, पांढरा उजेड आणि त्यावर रंगांचे फिल्टर, दुसरी सॅमसंग डिस्प्लेची क्यूडी-ओएलईडी, २०२२ मध्ये सॅमसंग आणि सोनी दोघांच्या टीव्हीत आली, तिच्यात निळा उजेड असतो आणि क्वांटम डॉट त्याचे लाल-हिरवे करतात. दुसरीचे रंग, खासकरून भडक उजेडातला लाल-हिरवा, बघत राहावे असे असतात. पण त्या पॅनेलला पोलरायझर (बाहेरचा उजेड परत फिरू न देणारा थर) नसतो, त्यामुळे समोरून खोलीतला उजेड पडला की काळा भाग करडा, थोडा जांभळट दिसायला लागतो. रात्री हाच टीव्ही अप्रतिम दिसतो. म्हणजे एकच टीव्ही, एकाच घरात, सकाळी आणि रात्री वेगळा, आणि लेखात त्याला एकच मार्क!

ब्राइटनेसच्या आकड्यांचंही तसंच. जाहिरातीत जे दोन हजार, तीन हजार निट्स (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) लिहितात ते पडद्याच्या एका लहान चौकटीवर, बहुतेकदा दहाव्या हिश्श्यावर किंवा त्याहून कमी भागावर मोजलेले असतात. ओएलईडी एवढ्या चौकटीत हजार-दोन हजार निट्स सहज देऊ शकतो, पण पूर्ण पडदा उजळला, म्हणजे बर्फाचा सीन आला किंवा मॅचमध्ये उन्हातलं अख्खं मैदान आलं, की वीज आणि उष्णता आवरण्यासाठी टीव्ही स्वतःच उजेड उतरवतो आणि काही शे निट्सवर येतो. चांगला मिनी एलईडी इथं बराच पुढे राहतो. दिवसा मॅच बघणाऱ्या माणसाला हा पूर्ण पडद्याचा आकडा लागतो, आणि नेमका तोच कुठं छापलेला नसतो. रात्री सिनेमा बघणाऱ्याला मात्र त्याची फार गरज नाही, साधा एसडीआर (म्हणजे जुन्या, नेहमीच्या उजेडाच्या मर्यादेतला) सिनेमा तयारच १०० निट्सच्या आसपास धरून केलेला असतो.

बर्न-इन, म्हणजे एकाच जागच्या चित्राचा पडद्यावर कायमचा डाग राहणं, याबद्दल लोक एक तर खूप घाबरतात, नाहीतर सेल्समन सांगतो आता तसं काही होत नाही. दोन्ही बरोबर नाही. ओएलईडीतला पदार्थ सेंद्रिय आहे, वापरानं त्याचा उजेड हळूहळू कमी होतो, आणि पडद्याचा एखादा भाग बाकीच्यांपेक्षा जास्त वापरला गेला तर तिथं डाग राहतो. बातम्यांची खालची पट्टी, चॅनलचा लोगो, गेममधली कोपऱ्यातली चित्रं, कॉम्प्युटर जोडला असेल तर त्याचा टास्कबार, हे रोज तासन्‌तास एकाच जागी असेल तर धोका खरा आहे. सिनेमे, मालिका, थोड्या बातम्या, थोडे गेम असा मिसळून वापर असेल तर वर्षानुवर्षं सहसा काही होत नाही. यात एक गोष्ट मात्र फार कमी लोकांना सांगितली जाते आणि माझ्या मते तीच सगळ्यात कामाची. ओएलईडी टीव्ही काही तास वापरल्यानंतर, आपण रिमोटनं बंद केला की, स्टँडबायमध्ये स्वतःच पिक्सेलची झीज मोजून सारखी करून घेतो, त्याला थोडी मिनिटं लागतात. ज्यांना वीज वाचवायला लगेच भिंतीवरचं बटण बंद करायची सवय आहे त्यांच्याकडे हे काम कधी होतच नाही. ती सवय चांगली आहे पण या टीव्हीसाठी नाही, थोडा वेळ स्टँडबायवर राहू द्या आणि मग खुशाल बंद करा.

बाजूनं बसणाऱ्यांचाही विचार करा. एलसीडीमध्ये व्हीए आणि आयपीएस असे दोन मुख्य प्रकार येतात, व्हीए पॅनेल असेल तर समोरून काळा छान दिसतो पण कडेला बसलेल्याला रंग फिके दिसतात, आयपीएस असेल तर कडेनं बरा पण काळा कमजोर. ओएलईडी कुठूनही जवळपास सारखाच. मोठं कुटुंब खोलीभर पसरून बसत असेल तर हा मुद्दा ब्राइटनेसइतकाच मोठा आहे.

अजून एक, ओएलईडीचा पिक्सेल इतक्या चटकन बदलतो की सिनेमाच्या सेकंदाला २४ फ्रेम वेगवेगळ्या जाणवतात आणि कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळल्यासारखं वाटतं. काहींना ते कळतही नाही, काहींना त्याचाच त्रास होतो. मोशनच्या सेटिंगनं थोडं कमी करता येतं, पण घेण्याआधी हळू फिरणारा सीन लावून बघितलेला बरा. आणि घरात बघणं मुख्यतः साध्या केबलचंच असेल तर पॅनेलपेक्षा टीव्हीचा प्रोसेसर ते कमी दर्जाचं चित्र कसं मोठं करतो हे महत्त्वाचं. दुकानात तर झगझगीत दिव्यांखाली सगळे टीव्ही व्हिव्हिड म्हणजे भडक रंगांच्या मोडमध्ये आणि खास बनवलेल्या व्हिडिओवर चालू असतात, त्यामुळे तिथं सगळ्यात भडक तोच जिंकतो. मी तर म्हणेन तिथं आधी फिल्ममेकर मोड नाहीतर सिनेमा मोड (चित्र मूळ सिनेमासारखं दाखवणारी सेटिंग) लावून मागायचा, शक्य असेल तर वरचे दिवे कमी करायला सांगायचे, आणि आपण घरी जे बघतो तेच लावायचं. त्यात संकोच कसला, एवढे पैसे आपण मोजणार असतो.

माझं मत विचाराल तर, खोलीत दिवसा भरपूर उजेड, बातम्या आणि मॅच जास्त, तर चांगल्या झोनचा मिनी एलईडी घ्या आणि ओएलईडी नाही घेतला म्हणून मन खाऊ देऊ नका. रात्रीचं बघणं जास्त, पडदे ओढता येतात, सिनेमाची आवड, तर ओएलईडीच.

संपादकांना विनंती एवढीच की पुढचा लेख छापताना प्रत्येक टीव्हीसमोर पॅनेलचा खरा प्रकार, पूर्ण पडद्याचा ब्राइटनेस, मिनी एलईडी असेल तर झोन किती, आणि वॉरंटीत बर्न-इन धरलंय की वगळलंय, हे चार रकाने द्या. वॉरंटीचा रकाना तर नक्कीच, कारण बऱ्याचदा बर्न-इन बारीक अक्षरांत वगळलेलं असतं आणि लोकांना नंतर कळतं. आणि क्रमवारी द्यायचीच असेल तर दोन द्या, एक उजेडातल्या खोलीची आणि एक अंधारातल्या.

आपली,
एक नियमित वाचक