योकोहामाच्या बँकेत वऱ्हाडचा कापूस

योकोहामा, शनिवार रात्र

प्रिय बाळ्या,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून शेवटी लिहायलाच बसलो. आज बाशामिची रस्त्यावरच्या कानागावा प्रांताच्या इतिहास संग्रहालयात जाऊन आलो. आत एंगाकुजी मंदिराच्या एका दालनाची खऱ्या मापाची प्रतिकृती आहे, अमेरिकन आरमाराच्या कमोडोर पेरीच्या काळ्या जहाजांचा किस्सा आहे, जुनी लाकडी छापचित्रं आहेत. सगळं छान, पण मी मात्र आतलं कमी आणि इमारतच जास्त बघितली. ही मुळात योकोहामा स्पेशी बँक, आणि तिचा धागा पार तुझ्या खामगावापर्यंत येतो. हसू नकोस, ऐक.

इमारत 1904 ची. त्सुमाकी योरिनाका नावाच्या वास्तुरचनाकाराने बांधली. तो अमेरिकेत आणि जर्मनीत शिकला होता, आणि बंदरावरची प्रसिद्ध लाल विटांची गोदामंही त्याचीच. दगडी खांब मजल्यांना न जुमानता थेट वरपर्यंत गेलेत. कोपऱ्यावर भला थोरला अष्टकोनी घुमट आणि त्याच्या अंगावर डॉल्फिन कोरलेत. टीव्हीवरचे गोंडस डॉल्फिन नव्हेत हं, जुन्या युरोपियन कोरीवकामात असतात तसे चांगले रागीट! ‘आमच्याकडे पैसा सुरक्षित आहे’ हे इतक्या मोठ्या आवाजात सांगणारी दुसरी इमारत मी पाहिलेली नाही. मला स्वतःला जरा भपकेबाजच वाटली.

पण दगड मजबूत निघाला. 1 सप्टेंबर 1923, दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटं. घरोघर चुली पेटलेल्या, आणि भूकंप झाला. शहर आधी पडलं, मग जळालं. बँकेतले कर्मचारी आणि आसपासची माणसं मिळून शेकडो जण तळघरात शिरले, दारं बंद केली. वर आग घुमट खाऊन गेली, आतलं सगळं जळालं, पण तळघरातली माणसं वाचली. ज्यांना आत शिरता आलं नाही ते भिंतींच्या बाहेर होरपळून मेले. हे वाचल्यावर मी बाहेर येऊन पुन्हा एकदा भिंतीकडे बघितलं. पुढची चाळीसेक वर्षं इमारत घुमटाशिवायच उभी होती. प्रांताने ती विकत घेतली आणि 1967 मध्ये घुमट परत बसवून संग्रहालय उघडलं.

आता तुझा कापूस. ही बँक 1880 ची, परदेशी हुंड्यांच्या, म्हणजे मालाचे पैसे द्यायच्या कागदांच्या, व्यवहारासाठी काढलेली. त्या काळी ओसाकाच्या सूतगिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवा होता, पण जहाजं इंग्रजांची आणि भाडं ते म्हणतील ते. 1893 साली जमशेटजी टाटा जपानला गेले, निप्पॉन युसेन या तिथल्या जहाज कंपनीशी हातमिळवणी केली आणि मुंबई–जपान बोटी सुरू झाल्या. इंग्रजांच्या पी अँड ओ जहाज कंपनीने भाडी इतकी पाडली की टाटांना आपली लाइन गुंडाळावी लागली. जपानी मात्र टिकले. बोटींपाठोपाठ 1894 मध्ये या बँकेने मुंबईत कचेरी थाटली. कापसाच्या गाठी बोटीवर चढल्या की हुंडी बँकेत वटवायची आणि ओसाकाहून पैसे यायची वाट बघत बसायचं नाही, इतका सरळ हिशेब.

पुढची गंमत तुला जास्त आवडेल. आपलीच रुई कापड होऊन परत येऊ लागली, तीही इतकी स्वस्त की मुंबईचे गिरणीमालक हवालदिल झाले. 1933 मध्ये हिंदुस्थानच्या इंग्रज सरकारने ब्रिटिशेतर कापडावर 75 टक्के जकात बसवली. जपानने उलट आपला कापूसच घ्यायचा बंद केला. मग वर्षभरात दोघांचा करार झाला, जपानने कापूस इतका घ्यायचा, तर त्यांचं कापड तितकं येऊ द्यायचं. शेतकऱ्याला यातलं कोणी काही विचारलं असेल असं मला वाटत नाही.

एक काम कर. तुझ्या आजोबांच्या जिनिंगच्या (सरकी काढायच्या) कारखान्याच्या जुन्या वह्या अजून माळ्यावर असतील तर काढ. मुंबईच्या अडत्यांच्या नावांमध्ये एखादी जपानी कंपनी दिसते का बघ, आणि दिसली तर त्या पानाचा फोटो पाठव. वाळवीच्या नावाखाली टाळू नकोस.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बापू