कामगार मंत्री साहेब, माझ्या आईच्या आठवड्याच्या सुट्टीवर भारताने 2011 लाच 'हो' म्हटलंय

माननीय केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

सर, सरळ मुद्द्यावर येते. 16 जून 2011 ला जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या म्हणजे आयएलओच्या परिषदेत घरकामगारांसाठीचा करार नंबर 189 पास झाला. 396 मतं बाजूने, 16 विरोधात, 63 तटस्थ. आपल्या भारत सरकारच्या प्रतिनिधींनी बाजूने मत दिलं. पण नुसतं मत देऊन करार लागू होत नाही, देशाने तो रॅटिफाय करावा लागतो, म्हणजे अधिकृतपणे मंजूर करून स्वतःला बांधून घ्यावं लागतं, आणि ते आपण अजून केलेलं नाही. माझी मागणी एवढीच आहे की तो रॅटिफाय करा आणि त्यासाठी घरकामगारांचा जो केंद्रीय कायदा लागेल तो करा.

माझी आई पुण्यात घरकाम करते. धुणं-भांडी, केर-फरशी, एका घरी पोळ्या पण. मी लहान असल्यापासून करतेय आणि त्याच पैशांवर मी बीकॉम झाले, आता एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला आहे. त्यामुळे एकाच घरात मला दोन नोकऱ्या रोज दिसतात. माझ्याकडे ऑफर लेटर आहे, पीएफ कापला जातो, रविवारी सुट्टी असते, आजारी पडले तर सिक लीव्ह टाकते. आईकडे यातलं काहीच नाही, आणि काम तिचं माझ्यापेक्षा कष्टाचं आहे हे मी शपथेवर सांगू शकते.

तिचा हिशोब कुठे असतो माहितीये का, कामाच्या घरी किचनमध्ये भिंतीवर कॅलेंडर लटकवलेलं असतं त्यावर. आई आली नाही की त्या तारखेला पेनाने गोल. त्याला खाडा म्हणतात. महिन्याला दोन सुट्ट्या तोंडी ठरलेल्या, त्याच्यावर खाडा झाला की पैसे कट. ताप असो, मयत असो, रेशनच्या लाइनीत दिवस गेलेला असो, गोल तो गोलच. आणि घरचे लोक मुलाकडे अमेरिकेला दोन महिने गेले तर तेव्हा पण पगार बंद, म्हणजे सुट्टी त्यांनी घेतली आणि पैसे आईचे गेले. मी सांगते ना, ही माणसं वाईट नाहीत, दिवाळीला एक पगार बोनस देतात, माझ्या फीला एकदा उसने पण दिलेत. पण कागद नसला की सगळं समोरच्याच्या चांगुलपणावर चालतं आणि चांगुलपणा काही दर महिन्याच्या एक तारखेला जमा होत नाही.

करार 189 मध्ये नेमकं याच गोष्टींचं लिहिलंय म्हणून मला तो वाचून धक्काच बसला होता. कामाच्या अटी समजतील अशा भाषेत सांगायच्या, शक्य असेल तिथे लेखी. आठवड्यात सलग 24 तास तरी विश्रांती. स्वतःची कागदपत्रं स्वतःकडे ठेवायचा हक्क. बाळंतपणाच्या लाभासकट सामाजिक सुरक्षा, इतर कामगारांपेक्षा कमी नाही अशी. यातलं एक तरी कलम जास्तीचं वाटतं का सर?

आणि हा करार कुणा साहेब लोकांनी ऑफिसात बसून लिहून काढलेला नाही. 2010 आणि 2011 अशी दोन वर्षं त्यावर चर्चा झाली आणि घरकाम करणाऱ्या बायका स्वतः जिनिव्हाला जाऊन बसल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या मर्टल विटबूई, ज्यांनी स्वतः घरकाम केलं आणि पुढे जाऊन घरकामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या, अशा बायकांनी ते रेटून नेलं. आयएलओच्याच आकड्यानुसार जगात साडेसात कोटींच्या वर घरकामगार आहेत आणि चारातल्या तिघी बायका आहेत. म्हणजे स्त्री-पुरुष समानतेबद्दल जगभर जे काही बोललं जातं त्यात सगळ्यात जास्त बायकांच्या रोजच्या आयुष्याला हात लावणारी गोष्ट ही आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या पदांवर किती बायका आहेत ते मोजायलाच हवं, पण त्या पदांवरच्या बाईच्या घरी भांडी कोण घासतं आणि कुठल्या अटींवर, तेही मोजलं पाहिजे.

आता दुसरी गोष्ट, जी लिहायला जरा अवघड वाटतंय पण लिहिते. माझी आई सकाळी घरून निघताना पाणी पीत नाही. कारण ज्या घरांमध्ये ती बाथरूम घासते तिथलं टॉयलेट तिला वापरता येत नाही, कुणी तोंडाने नाही म्हणतं, कुणी नुसतं बघतं. सोसायटीत खाली वॉचमनसाठी एक आहे, त्याला कडी नीट लागत नाही. मग दुपारपर्यंत तसंच. लघवीची जळजळ, इन्फेक्शन, डॉक्टरचा खर्च, परत खाडा. आईच्या सगळ्या मैत्रिणींचं हेच आहे, त्या आपसात बोलतात पण बाहेर कुणाला सांगत नाहीत.

2019 ला आयएलओनेच आणखी एक करार केला, नंबर 190, कामाच्या जगातला हिंसाचार आणि छळ यावर. त्यात कामाचं ठिकाण म्हणजे नुसती कामाची खोली नाही, तर कामगार जिथे जेवतो, बसतो, टॉयलेट वापरतो ती जागा, आणि घरून कामावर जाण्या-येण्याचा रस्ता पण धरलाय. तोही आपण रॅटिफाय केलेला नाही.

कुणी म्हणेल जिनिव्हाच्या कागदांनी इथे काय फरक पडतो. सर, पडतो. माझ्या ऑफिसात लिफ्टच्या शेजारी लैंगिक छळाविरुद्धच्या समितीचं पोस्टर आहे, मेंबरची नावं, फोन नंबर सगळं. ते पोस्टर तिथे कसं आलं ते मी शोधून वाचलं. 1979 ला संयुक्त राष्ट्रांनी स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा करार केला, ज्याला सगळे सीडॉ म्हणतात. भारताने तो 1993 ला रॅटिफाय केला. त्याच्या आदल्याच वर्षी राजस्थानात भंवरी देवी, सरकारच्याच योजनेत साथिन म्हणजे गावातली कार्यकर्ती म्हणून काम करणारी बाई, बालविवाह थांबवायला गेली म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला होता. त्यावरून महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि देशात तेव्हा कामाच्या ठिकाणच्या छळावर कायदाच नव्हता म्हणून कोर्टाने सीडॉचा आधार घेऊन 1997 ला विशाखा गाइडलाइन्स, म्हणजे असा छळ रोखायचे नियम, दिले. त्यावरून 2013 चा कायदा आला. म्हणजे भारताने सही केलेल्या एका कागदामुळे आज मी ऑफिसात निर्धास्त बसते. मग आईसाठी तो दुसरा कागद का नको?

2013 च्या त्या कायद्यात घरकामगार आहे, हे मला मान्य आहे, आणि घर हे पण कामाचं ठिकाण आहे असं त्यात लिहिलंय, त्याबद्दल ज्यांनी तेव्हा भांडण केलं त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण मला कंपनीत तक्रार करायची असेल तर अंतर्गत समिती चौकशी करते, रिपोर्ट देते, भरपाई मिळू शकते. आईला करायची झाली तर जिल्ह्याची स्थानिक समिती शोधायची, आणि त्यांना प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर ते सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवणार. म्हणजे थेट पोलीस स्टेशन. ज्या बाईवर उद्या कुणी चोरीचा नुसता संशय घेतला तरी त्या एरियातली सगळी कामं सुटतात ती पोलीस स्टेशनची पायरी कशी चढेल? आणि स्थानिक समिती नावाची काही गोष्ट कलेक्टर साहेबांकडे असते हे आईच्या ओळखीत एकीलाही माहीत नाही, मी सगळ्यांना विचारून बघितलं.

आपलं मंत्रालय नेहमी म्हणतं की देशातला कायदा कराराशी जुळला की मगच आपण रॅटिफाय करतो. ठीक आहे ना, मग तसंच करा. बालमजुरीच्या बाबतीत केलंच की, 2016 ला कायद्यात बदल झाला आणि 2017 ला आयएलओचे करार 138 आणि 182 दोन्ही रॅटिफाय केले. फिलिपिन्सने 2012 ला करार 189 रॅटिफाय केला आणि 2013 च्या जानेवारीत घरकामगारांचा वेगळा कायदा आणला, लेखी करार, आठवड्याची सुट्टी, तेराव्या महिन्याचा म्हणजे वर्षाला एक जादा पगार, सामाजिक सुरक्षा सगळं त्यात आहे. तो काही श्रीमंत देशांमध्ये मोडत नाही, तरी त्याला जमलं.

आणि आपल्याकडे हा विषय नवा पण नाही. 1959 ला संसदेत घरकामगारांचं खासगी विधेयक आलं होतं. 1980 ला आमच्या पुण्यात मोलकरणींनी आपणहून संप केला आणि त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली, ते आईच्या कामाला लागण्याच्या कितीतरी आधी. महाराष्ट्राने 2008 ला घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, तो चांगलाच आहे, पण त्यात कल्याण योजना आहेत, पगार आणि सुट्टी नाही. त्यातही नोंदणीला मालकाच्या सहीचं पत्र लागतं. आईने एका घरी पत्र मागितलं तर बाई म्हणाल्या उद्या आमच्यावर काही येणार नाही ना, साहेबांना विचारून सांगते. ते विचारणं अजून चालू आहे. कर्नाटक, केरळ, राजस्थान अशा काही राज्यांनी घरकामाला किमान वेतन जाहीर केलं, बाकी ठिकाणी जो तो आपापला रेट ठरवतो. म्हणून केंद्राचा कायदा हवा. सुप्रीम कोर्टाने पण जानेवारी 2025 मध्ये केंद्राला सांगितलं की समिती नेमा आणि घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करा.

लोकांच्या मनात दोन भीती असतात ते मला ठाऊक आहे. एक, की इन्स्पेक्टर घरात घुसतील. करारातच लिहिलंय की तपासणी करताना घराच्या खासगीपणाचा मान राखून नियम करायचे. दुसरी, की पगार वाढला तर लोक बाया लावणारच नाहीत. सर, ज्या घरात नवरा-बायको दोघं नोकरीला जातात ती घरं चालतातच आईसारख्या बायकांवर, एक दिवस बाई आली नाही तर त्यांचं ऑफिस लेट होतं. ती गरज कायद्याने कमी होणार नाही.

आखातात घरकामाला जाणाऱ्या आपल्या बायकांसाठी आपलंच सरकार अटी घालतं, वय 30 च्या वर पाहिजे, भरती सरकारी एजन्सीमार्फतच, कामाचा लेखी करार पाहिजे. अगदी बरोबर आहे ते. कुवेतच्या घरात काम करणाऱ्या भारतीय बाईला लेखी करार हवा हे जर सरकारला पटतं तर कोथरूडच्या घरातल्या बाईला पण हवा हे पटायला काय हरकत आहे?

तर माझ्या मागण्या. करार 189 आणि 190 कधी रॅटिफाय करणार त्याची तारीख संसदेत सांगा. कोर्टाने सांगितलेल्या समितीचं जे काही म्हणणं असेल ते लोकांपुढे ठेवा, मराठीत पण, कारण आईला इंग्रजी येत नाही आणि ते तिच्याबद्दलच आहे. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर अडीच कोटींहून जास्त घरकामगारांची नोंद आहे, त्यांना नुसतं कार्ड देऊन थांबू नका, नोंदणीला मालकाच्या सहीची अट कुठेच नसावी असा नियम करा. कायद्यात आठवड्याची पगारी सुट्टी, तासाचा किमान दर, आणि घरचे गावाला गेले तरी ठरलेला पगार, एवढं तरी स्पष्ट लिहा. आणि टॉयलेटचं कलम वेगळं घाला, 'सुविधा द्याव्यात' असं मोघम नको, ज्या घरात बाई काम करते तिथलं टॉयलेट तिला वापरता आलं पाहिजे असं सरळ लिहा.

हे पत्र मी आईला वाचून दाखवलं. तिने टॉयलेटचा भाग काढ म्हणून आधी सांगितलं, मग संध्याकाळी परत म्हणाली राहू दे, तेच आधी वाचायला सांग त्यांना.

आपली विश्वासू,
एका घरकामगार बाईची मुलगी,
पुणे