मेडिकल बिलिंगचं दार उघडंच आहे, त्यासाठी पन्नास हजार भरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी भाची यंदा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. निकाल लागल्यावर आठवड्याभरात ताईने भिशीचे आलेले पैसे उचलून तिला ठाण्यातल्या एका क्लासमध्ये घातलं. तीन महिन्यांचा मेडिकल बिलिंग आणि कोडिंगचा, म्हणजे इथे बसून अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या उपचारांना कोड लावून विमा कंपन्यांकडे बिलं पाठवण्याच्या कामाचा कोर्स, फी ४८ हजार रुपये, नोकरीची शंभर टक्के हमी. मला हे कळलं ते पैसे भरून झाल्यावर. मी सतरा वर्षं याच कामात आहे. पण ताईला वाटलं, ही रात्रपाळी करते, दिवसा झोपलेली असते, हिला कशाला उठवायचं.

गणपतीत भाची कन्नमवार नगरहून आमच्याकडे भांडुपला आली, तेव्हा क्लासच्या नोट्स सोबत होत्या. आरती झाल्यावर मी त्या चाळायला घेतल्या. स्पायरल लावलेली झेरॉक्स, काही पानं तिरकी आलेली, कडेला कुणा जुन्या विद्यार्थ्याच्या पेनच्या खुणासुद्धा छापून आलेल्या. मधुमेहाच्या पानावर कोड होता २५०.००. मी दोनदा बघितला. १ ऑक्टोबर २०१५ नंतरच्या उपचारांसाठी अमेरिकेतल्या क्लेमवर, म्हणजे विमा कंपनीकडे पैसे मागायच्या अर्जावर, हा कोड चालतच नाही. त्या दिवशी तिकडे आजारांच्या कोडची आयसीडी-९ ही जुनी यादी गेली आणि आयसीडी-१० आली. साधारण चौदा हजार कोड होते, त्यांच्या जागी जवळपास सत्तर हजार आले, आणि साध्या टाइप टू मधुमेहाला आम्ही ई ११.९ लिहायला लागलो. ४८ हजार घेऊन या मुलीला दहा वर्षांपूर्वी बाद झालेले कोड पाठ करायला लावले होते. आणि ती ते मनापासून करत होती, तीन रंगांच्या पेनांनी तक्ते काढून.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला फोन केला. ‘मॅडम, कन्सेप्ट तोच असतो,’ असं उत्तर मिळालं. फी परत मागितली तर पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेली ओळ वाचायला सांगितली. नोकरीच्या हमीचा अर्थही तेव्हाच कळला: तीन इंटरव्ह्यूंना पाठवणार, पुढचं तुमचं तुम्ही. त्या तीन ठिकाणांपैकी दोन ठिकाणी वॉक-इन चालू असतात. बायोडेटा आणि आधार कार्ड घेऊन कुणीही जाऊन उभं राहावं, एक रुपया लागत नाही.

आमच्या स्टेशनबाहेरच्या भिंतीवर, रिक्षांच्या मागे, लोकलच्या डब्यात अशा जाहिराती रोज दिसतात. विक्रोळी-भांडुप-मुलुंडच्या घरांतून मुलींचे आईबाप कर्ज काढून हे पैसे भरतात. म्हणून हे पत्र. या कामाची सुरुवात खरी कशी होते, ते मुलांना आणि पालकांना पैसे भरण्याआधी कळावं एवढीच माझी धडपड आहे.

मी २००८ मध्ये मुलुंडच्या एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर लागले, साडेसहा हजारांवर. मराठी माध्यमातून शिकलेली, बी.एस्सी. सेकंड क्लास. तेव्हा कॅशलेसचे कागद टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला, फॅक्सने जायचे. एक पान अडकलं की सगळी फाइल परत पाठवायची. तीन वर्षं तिथे काढली आणि तिथेच सगळं शिकले: डॉक्टरांचं अक्षर, औषधांची नावं, पॅकेज म्हणजे काय, पेशंटच्या नातेवाइकाला वाईट बातमी सांगून झाल्यावर तासाभराने बिल कसं समजावायचं. पुढे ऐरोलीला अमेरिकन बिलिंगच्या कंपनीत गेले, तेव्हा कंपनीने सहा आठवडे पगार देऊन शिकवलं. आजही माझ्या टीममध्ये येणारी बहुतेक मुलं कोरी येतात. त्यांना क्लेम कसा वाचायचा ते आम्ही शिकवतो, आणि सुरुवातीला त्यांच्या हातात पंधरा ते वीस हजार पडतात. क्लासचं सर्टिफिकेट आणलेल्याला आमच्याकडे एक रुपया जास्त मिळत नाही.

हे काम म्हणजे नेमकं काय, ते जाहिरातीत कधीच नसतं. अमेरिकेत डॉक्टरने पेशंट तपासला की त्याचे पैसे बहुतेक वेळा विमा कंपनीकडून यायचे असतात. त्यासाठी आजाराचा एक कोड लागतो, केलेल्या कामाचा दुसरा. कामाचे पाच आकडी सीपीटी कोड तिथली डॉक्टरांची संघटना, अमेरिकन मेडिकल असोसिएशन, ठरवते आणि दर १ जानेवारीला त्यांत बदल होतात. आजाराचे कोड दर १ ऑक्टोबरला बदलतात. डॉक्टरची टिपणं वाचून हे कोड लावतो तो कोडर. क्लेम भरून पाठवणारे वेगळे, आलेले पैसे खात्यात लावणारे वेगळे. आणि न आलेल्या पैशांसाठी विमा कंपनीला फोन करणारा तो एआर कॉलर. नवी मुलं बहुतेक करून इथेच लागतात. अमेरिकन कामात माझीही सुरुवात तिथूनच झाली.

एक क्लेम मला आजही जसाच्या तसा आठवतो. गुडघा बदलण्याचं ऑपरेशन, सीपीटी २७४४७, पुढे डाव्या बाजूची खूण एलटी. विमा कंपनीने पैसे नाकारले होते, कारण क्रमांक सीओ ११, म्हणजे आजार आणि उपचार जुळत नाहीत. रात्री दीड वाजता मी फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकलं, मग एक बाई आल्या आणि त्यांनी तेच वाक्य वाचून दाखवलं. फोन ठेवल्यावर मी क्लेमकडे पुन्हा बघितलं. आजाराचा कोड एम १७.११ होता. शेवटचा एक म्हणजे उजवा गुडघा, दोन म्हणजे डावा. ऑपरेशनच्या नोंदीत तिसऱ्याच ओळीत स्वच्छ लिहिलं होतं, डावा. मी ते कोडरकडे पाठवलं, त्याने तपासून एम १७.१२ केला, दुरुस्त क्लेम गेला आणि पैसे आले. एका आकड्यापायी डॉक्टरचे पैसे दोन महिने अडकले होते आणि तिकडे पेशंटच्या घरी न भरलेल्या बिलाची भीती. त्या रात्री मला हे काम आवडलं. कॉल सेंटर म्हणून आलेली मी, त्या दिवसापासून स्वतःला बिलिंगची माणूस म्हणायला लागले.

याच्या उलट झालेलं सीओ २९ सुद्धा बघितलं आहे. क्लेम वेळेत गेला नाही, की हा आकडा येतो. मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या तिथल्या सरकारी विम्याला, उपचारापासून बारा महिन्यांची मुदत आहे, खासगी कंपन्यांची बऱ्याचदा त्याहून कमी. मुदत टळली की बहुतेक वेळा ते पैसे गेलेच. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी सांगते, कोड नंतर पाठ होतील, आधी तारखा बघायची सवय लावा.

इंग्रजीबद्दल क्लासवाले दोन्ही बाजूंनी फसवतात. एक जण म्हणतो इंग्रजी लागतच नाही, दुसरा इंग्रजीचे वेगळे बारा हजार मागतो. कोडिंगला वाचायचं इंग्रजी लागतं. बोलणं फारसं नसतं, पण फीमर कुठलं हाड आणि टिबिया कुठलं हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. कॉलिंगला बोलावं लागतं, आणि ते सहा महिन्यांत जमतं. आमच्या टीममधला सगळ्यात चांगला कॉलर चिपळूणकडचा, मराठी माध्यमाचा मुलगा आहे. ज्यांना बोलायची धास्ती वाटते, त्यांनी रोज अर्धा तास शरीररचनेचं पुस्तक मोठ्याने वाचावं. जीभ वळते आणि विषयही पक्का होतो.

रात्रपाळीचं मात्र लपवून ठेवू नये. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की साडेसात. कॅलिफोर्नियाचं काम असेल तर आणखी तीन तास पुढे. घरी लहान मूल असलेल्या बाईने हे आधीच घरात बोलून घ्यावं. मी पाच वर्षं मुलाला शाळेत सोडून मग झोपत होते. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि घराच्या दारापर्यंत वाहन हवं, हे राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. इंटरव्ह्यूलाच विचारा, गाडी दारापर्यंत येते की हायवेला सोडते. कोडिंगची पाळी बऱ्याच ठिकाणी दिवसाची असते, पण तिथे नवख्याला घेताना कंपन्या जास्त चोखंदळ असतात.

परीक्षेचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या एएपीसी या संस्थेची सीपीसी ही परीक्षा या क्षेत्रात मानली जाते. शंभर प्रश्न, चार तास, पास व्हायला ७० टक्के. कोडची पुस्तकं उघडून बसायची मुभा असते, त्यामुळे पाठांतरापेक्षा पुस्तकात नेमकं कुठे बघायचं हे हाताला माहीत असावं लागतं. अनुभव नसताना पास झालात तर सीपीसीच्या पुढे शिकाऊपणाचा ‘ए’ लागतो, आणि दोन वर्षांचा अनुभव दाखवला की तो निघतो. परीक्षेची फी डॉलरमध्ये जाते, तीही थोडीथोडकी नाही. म्हणून माझं म्हणणं असं की आधी नोकरीला लागा, वर्षभर हे काम आपलं आहे का ते बघा, आणि मग स्वतःच्या पगारातून परीक्षा द्या. काही कंपन्या परीक्षेचे पैसेही देतात. ठाण्याच्या क्लासमध्ये मिळालेला कागद आणि सीपीसी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे भाचीला तीन महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं.

आणि सगळ्यांनी अमेरिकेच्याच मागे लागावं असंही नाही. आपल्या हॉस्पिटलांतल्या बिलिंग काउंटरला जाणत्या माणसांची फार गरज आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २९ मे २०२४ च्या परिपत्रकात सांगितलं, की कॅशलेसच्या पहिल्या विनंतीला विमा कंपनीने तासाभरात उत्तर द्यावं आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी. तरी दुपारी चार वाजता बॅग भरून खुर्चीवर बसलेली माणसं आपण बघतोच. ते तीन तास मोजले जातात हॉस्पिटलची विनंती पोचल्यापासून. वॉर्डमधून फाइल खाली यायला, औषधांचा हिशेब मिटायला, बिल व्हायला जो वेळ जातो तो त्यात येत नाही. आणि फाइलमध्ये एक रिपोर्ट राहिला की विमा कंपनीकडून प्रश्न येतो आणि सगळं पुन्हा लांबतं. काउंटरवरच्या मुलीने सकाळी दहालाच पूर्ण फाइल पाठवली, तर एक म्हातारा माणूस जेवायच्या वेळेला घरी पोचतो.

खोलीच्या भाड्याचंही तसंच. पॉलिसीत दिवसाला पाच हजारांची मर्यादा आहे आणि नातेवाइकांनी आठ हजारांची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत फक्त भाड्याचे तीन हजार कापून भागत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च, यांतूनही त्याच प्रमाणात कापतात, शंभराला साडेसदतीस रुपये. हे डिस्चार्जच्या दिवशी कळलं की माणूस कोसळतो. हे अ‍ॅडमिट होतानाच सांगणारी मुलगी त्या घराचे चाळीस-पन्नास हजार वाचवते. हे तिला कुणीतरी शिकवायला हवं. बहुतेक हॉस्पिटलांत तिला सॉफ्टवेअरची बटणं दाखवतात आणि काउंटरवर बसवतात.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. दहावी-बारावीच्या निकालांनंतर आपण करिअरवर लेख छापता, त्यात या कामावर एकदा सविस्तर लिहावं, आणि ते आत काम करणाऱ्यांना विचारून लिहावं. दुसरी, छोट्या जाहिरातींत नोकरीची शंभर टक्के हमी देणाऱ्या क्लासकडून मागच्या वर्षी किती जणांना कुठे नोकरी लागली, एवढं लेखी मागून घ्यावं.

भाची आता घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात बिलिंगला लागली आहे, चौदा हजारांवर. स्वतः बायोडेटा घेऊन गेली होती. परवा रात्री माझी गाडी यायच्या आधी तिचा फोन आला, ‘मावशी, कोलेसिस्टेक्टॉमी म्हणजे पित्ताशय काढणं ना? मग बिलात अपेंडिक्सचं पॅकेज का लागलंय?’ मी म्हटलं, डॉक्टरांना विचार आणि दुरुस्त केल्याशिवाय बिल पुढे सोडू नकोस. तिने सोडलं नाही.

मी अजून याच क्षेत्रात नोकरी करते, म्हणून माझं नाव छापू नये. पण एखाद्या मुलीने किंवा तिच्या पालकांनी विचारणा केली, तर माझा पत्ता आपल्याकडे आहे, तो जरूर द्यावा. रविवारी सकाळी अकरानंतर मी घरीच असते.

आपली,
एक वाचक, भांडुप (पश्चिम), मुंबई