तिचे नाव डोलोरेस होते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत व्लादिमीर नाबोकोव्ह यांच्या ‘लोलिता’ या कादंबरीविषयी वाचकांच्या प्रतिक्रिया आल्या आहेत. काहींनी भाषेची मुक्तकंठाने स्तुती केली आहे, तर काहींनी असले पुस्तक वाचनालयाच्या कपाटात असूच नये असे म्हटले आहे. मात्र ज्या बारा वर्षांच्या मुलीचे आयुष्य या कथेत उद्ध्वस्त होते, तिच्याविषयी जवळजवळ कोणीच लिहिलेले नाही. एका वाचकाने तर तिनेच हम्बर्टला, म्हणजे तिच्यावर अत्याचार करणाऱ्या प्रौढ निवेदकाला, नादी लावले असा निष्कर्ष काढला आहे. तो वाचून मला राहवले नाही.

तिचे नाव डोलोरेस हेझ. शाळेत तिला डॉली म्हणत. ‘लोलिता’ हे हम्बर्टने तिला दिलेले नाव आहे. सारी कथा तोच तुरुंगातून, ज्युरीला उद्देशून सांगतो. म्हणजे आपल्या हाती असते ती आरोपीची कैफियत, आणि खुन्याची भाषा अलंकारिक असणारच, असा इशारा त्याने पहिल्याच पानावर दिलेला आहे. तरीही आपण भुलतो. मुलगी धीट होती, खोडकर होती, हे त्याच्याच तोंडून ऐकून आपण खरे मानतो.

मुलीच्या जवळ राहता यावे म्हणून तो तिच्या विधवा आईशी लग्न करतो. आई मोटारीखाली सापडून मरते, तेव्हा ती इस्पितळात आहे असे खोटे सांगून तो मुलीला शिबिरातून घेऊन जातो. पहिल्या भागाच्या शेवटी, आई गेल्याचे कळल्यावर, ती मुलगी मध्यरात्री रडत त्याच्याच खोलीत येते, कारण तिला जायला दुसरी जागाच उरलेली नसते. पुढे वर्षभराच्या भटकंतीचे वर्णन संपवताना तो जाता जाता सांगतो की, आपण झोपेचे सोंग घेतले की तिचे हुंदके सुरू होत, रोज रात्री. पहिल्या वाचनात ही ओळ माझ्या नजरेतून निसटली होती. मी तेव्हा वर्णनांखाली पेन्सिलीने रेघा ओढत होते, हे आठवले की आजही लाज वाटते. नाबोकोव्ह यांचे मोठेपण मला या हुंदक्यांत दिसते: हम्बर्टच्या एवढ्या शब्दवैभवातूनही ते त्यांनी ऐकू येऊ दिले.

म्हणूनच पुस्तक कपाटातून काढण्याची मागणी मला मान्य नाही. ती नवीनही नाही. १९५५ साली पॅरिसमध्ये हे पुस्तक निघाले, पुढच्याच वर्षी फ्रान्सने त्यावर बंदी घातली. १९५९ साली मुंबईत कस्टमने त्याच्या प्रती अडवल्या, तेव्हा मोरारजी देसाईंचा विरोध असूनही पंडित नेहरूंनी त्या सोडण्याच्या बाजूने कौल दिला.

मी तीस वर्षे शिक्षिका होते. आमच्या वर्गातील एका मुलीला न्यायला तिचे एक नातेवाईक येत. सुशिक्षित, मृदुभाषी गृहस्थ. शिक्षकांच्या खोलीत त्यांचे कौतुक होई, मीही करत असे. मुलगी हळूहळू बोलेनाशी झाली आणि आम्ही ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मारून मोकळे झालो. खरे काय ते फार उशिरा कळले. तेव्हा मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सोसारखा कायदा नव्हता, तो २०१२ साली आला; पण तिच्याकडे बघायला आम्हाला कोणत्या कायद्याने अडवले होते?

आपल्याला एक विनंती आहे. प्रतिक्रियांसोबत आपण एका नटव्या मुलीचे चित्र छापले आहे. मुखपृष्ठावर लहान मुलीचे चित्र नको, असे स्वतः नाबोकोव्ह यांनी १९५८ च्या अमेरिकन आवृत्तीच्या वेळी आपल्या प्रकाशकाला स्पष्टपणे कळवले होते. पुढील रविवारी या विषयावरची उरलेली पत्रे छापताना कृपया ते चित्र वगळावे, आणि मुलीचा उल्लेख डोलोरेस असा करावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर